माजीबाईंच्या शाली

आमच्या गावात काम झाल्यावर सत्कार होतो, काम न होताही सत्कार होतो. काम व्हायच्या आधी सत्कार करायची पद्धत मात्र माजीबाईंनी आणली, आणि त्या पद्धतीला गावातले भलेभले घाबरायचे. मोर्चा, घोषणा, रिकाम्या घागरी यांना पालिकेत कुणी भीत नाही. ते रोजचं आहे. पण माजीबाई हातात नारळ आणि काखेत शाल घेऊन येताना दिसल्या की इंजिनियर मागच्या दाराने निघून जायचा.

मी पाहिलेला पहिला सत्कार वायरमनचा. आमच्या गल्लीतले खांबांवरचे दिवे कधीचे गेलेले. अर्ज देऊन झाले, फोन करून झाले. एके दिवशी हा वायरमन दुसऱ्याच कामासाठी गल्लीतून गाडीवर चालला होता. माजीबाईंनी हात करून त्याला थांबवलं, बायका गोळा केल्या, त्याच्या गळ्यात हार घातला, खांद्यावर शाल टाकली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "गल्लीतले समदे दिवे लावल्याबद्दल ह्या लेकराचा सत्कार करून राहिलाव. वाजवा टाळ्या!"

"काकू, मी कुठं लावले अजून?"

"मग काय झालं? हार सुकायच्या आत लावशील की."

त्या माणसाला शाल घेऊन घरी जाता येईना आणि काढून परत देता येईना. संध्याकाळी शिडी घेऊन आला. वर चढताना म्हणाला, "काकू, दोन चपला हाणल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं."

माजीबाई म्हणजे माजी नगरसेविका. लातूर आणि नांदेडच्या मधे आमचं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण मला तिथंच राहायचं आहे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा त्यांच्या मालकांनी, अण्णांनी, त्यांना उभं केलं. निवडून बाई आल्या, नगरसेवक अण्णा झाले. सभेच्या वेळी अण्णा दारातून खुणा करायचे आणि आत बाई हात वर करायच्या. पाच वर्षं असं चाललं. मग आरक्षण बदललं, पद गेलं आणि नावाला 'माजी' तेवढं चिकटून राहिलं. कुणीतरी खोडसाळपणे 'माजीबाई' म्हणायला लागलं, तर त्या चिडल्या नाहीत. म्हणायच्या, "पदावर व्हते तवा कुणी वळखत नव्हतं. पद गेलं आन् नाव झालं."

त्या पाच वर्षांची कमाई म्हणजे शाली. शाळेचं गॅदरिंग असो, झाडं लावायचा कार्यक्रम असो की मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन असो, नगरसेविकाबाईंना बोलवायचं आणि शाल घालायची. लोखंडी कपाटाचे दोन कप्पे शालींनी गच्च भरले होते, मधे डांबराच्या गोळ्या टाकलेल्या. माजीबाई ते कपाट उघडून दाखवायच्या आणि हसायच्या. "पाच वर्षं हात वर केला आन् मान खाली घालून शाली घेतल्या. काम काय केलं ते इचारू नको, मलाच मालूम न्हाई. आता ह्या शालींकडून तरी काम करून घ्यावं म्हणते."

अण्णांचा जीव तुटायचा. "अगं, आपल्या इज्जतीच्या शाली हाईत त्या!"

"इज्जत कपाटात ठेवली की तिला कसर लागती," माजीबाई म्हणायच्या आणि अजून एक शाल बाहेर काढायच्या.

हळूहळू त्या डांबराच्या गोळ्यांचा वास गावाला ओळखू यायला लागला. पालिकेचा शिपाई दारात बसल्या बसल्या नाक वर करायचा आणि आत ओरडायचा, "साहेब, कपाट आलं!"

सगळेच सत्कार फळले असं नाही. नालीच्या ठेकेदाराने शाल घेतली, फोटो काढला, फोटो स्टेटसला ठेवला आणि नाली तशीच तुंबलेली. थंडीत तीच शाल पांघरून तो हॉटेलवर चहा पीत बसलेला मला दिसला. मी तावातावाने येऊन सांगितलं. माजीबाई म्हणाल्या, "राहू दे. त्याची कातडी शालीहून जाड हाय. पांघरंना का, थंडी तर खरी हाय की."

माझी त्यांची ओळख सत्काराच्या फ्लेक्सच्या मजकुरावरून झाली. माझे वडील धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायचे, आई लोकांच्या शेतात जायची, आणि मी आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे मी कुठंही सांगते. ज्याला ऐकायचं नसेल त्याने कान झाकावेत. माजीबाईंना लिहिता यायचं, पण मजकूर 'कॉलेजवाल्या माणसाचा' पाहिजे असा त्यांचा हट्ट. एक दिवस गल्लीतून चालले होते, तर ओट्यावरून हाक आली, "ए ग्रॅज्वेट, इकडं ये!"

"काकू, मी आत्ताच फर्स्ट इयरला गेले."

"तर मग? हाक मारायला तीन वर्षं कोण थांबतंय?"

घंटागाडीच्या ड्रायव्हरचा सत्कार होता. मी लिहिलं, 'आमच्या शेवटच्या गल्लीपर्यंत गाडी आणणार असल्याबद्दल.' त्यांनी कागद परत दिला. "आणणार कामून लिहिलीस? करणार तर समदेच असतेत. आणल्याबद्दल लिही." लिहिलं. चौथ्या दिवशी गाडी गाणं वाजवत आमच्या दारात.

शेवटच्या वर्षी मात्र गोष्ट माझ्यावर आली. आमच्या घरात खोली एक आणि माणसं सहा. मी आमच्या वस्तीतल्या विहारात बसून अभ्यास करायचे, पण संध्याकाळी तिथं वंदना, मग बायकांची बैठक, मग पोरांचं लेझीम. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या साली पास निघालीस तर पुढं शीक, मी पोती उचलीन. राहिलीस तर निलंग्याचं स्थळ आलंय, मग मी थांबत न्हाई." निलंग्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पण मला बी. ए. व्हायचं होतं.

आणि वस्तीच्या तोंडालाच पालिकेची अभ्यासिका उभी होती. इमारत बांधून झालेली, पाटी लागलेली, टेबलं आलेली, फक्त कुलूप काढायचं राहिलेलं. आत डासांचं धुराचं मशीन, घंटागाडीची मोडकी चाकं आणि एक भलामोठा मंडप रचून ठेवलेला. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, सामान हलवायला जागा नाही, विषय पुढच्या सभेत घेऊ. खरं म्हणजे मंडप नगराध्यक्षांच्या भाच्याचा होता. मी खिडकीच्या गजाला धरून त्या टेबलांकडे बघत राहायचे.

माजीबाईंनी मला तिथं एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडून बसल्या होत्या. दोन्ही कप्पे ओस पडले होते. "दोनच उरल्या बघ. एक मोठ्या साहेबाला घालू. दुसरी ठरलेली हाय."

"कुणाला?"

"तुला काय करायचंय? मजकूर लिही."

मोठे साहेब म्हणजे पालिकेचे मुख्याधिकारी. गावात नवीन होते, त्यांना वास ओळखता येत नव्हता. 'वस्तीतील अभ्यासिका सुरू केल्याबद्दल जाहीर सत्कार' असा फ्लेक्स पालिकेच्या फाटकासमोर लागला. साहेब आले, बोर्ड वाचून जरा चपापले, पण तोवर शाल खांद्यावर पडली होती. "लवकरच आपण..." असं काहीतरी बोलून निघून गेले. माणूस वाईट नव्हता. पण आठवडे गेले, कुलूप तसंच. माझे पेपर तोंडावर आले. आणि एका सकाळी अण्णांनी बातमी आणली, साहेबांची बदली झाली, किनवटकडं.

मी हातातली पुस्तकं ओट्यावर ठेवली. "गेली की काकू शाल."

"जाती कुठं?" माजीबाई म्हणाल्या. "संध्याकाळी चांगली साडी नेसून ये."

पालिकेच्या सभागृहात साहेबांचा निरोप समारंभ होता. एकामागून एक भाषणं. साहेबांनी विकास केला, साहेब गेल्यावर गाव पोरकं होणार. माजीबाई मागच्या रांगेत, शेजारी मी. त्यांचे हात रिकामे होते. शिपायाने सवयीने नाक वर केलं, वास नाही, आणि पहिली शंका त्यालाच आली.

भाषणं संपत आली तशा त्या उठल्या. "साहेब, दोन शब्द बोलू का?"

"बोला, बोला," नगराध्यक्ष खुशीत म्हणाले.

"साहेब, तुमचा सोभाव लई चांगला. काम राहिलं त्यात तुमचा काय दोष? बदली काय सांगून येती? पण तेवढी शाल परत द्या."

दारातला शिपाई दोन पावलं आत आला.

"शाल?" साहेब म्हणाले.

"अभ्यासिका सुरू केल्याबद्दल घातली ती. आता नव्या साहेबाला घालावी लागंल. माझ्याकडं एकच उरली, ती ठरलेली हाय."

नगराध्यक्ष उठून उभे राहिले. "माजीबाई, केलेला सत्कार कुणी परत मागतं का?"

"केलेल्या कामाचा कोण मागंल, दादा? ही न केलेल्याची हाय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सभागृहच हसायला लागलं. साहेब कानापर्यंत लाल. "काकू, सामान बांधून झालं हो. शाल ट्रकात गेली."

"मग थांबते की. मला कुठं घाई हाय? घाई हिला हाय, हिचे पेपर हाईत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, फरशी उघडावी आणि आत जावं. साहेबांनी विचारलं, "कितव्या वर्षाला?"

"बी. ए. फायनल," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

साहेब गळ्यातले हार न काढताच उठले. "चार्ज द्यायचाय अजून. आजच्या दिवस खुर्ची माझीच आहे. किल्ली आणा."

त्या संध्याकाळी आमच्या वस्तीने जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. पुढे हार घातलेले साहेब, मागे फेटा बांधलेले नगराध्यक्ष, त्यांच्यामागे सगळी पालिका. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. शेवटी दगडाने फोडलं, आणि निरोपाला मिळालेला नारळ साहेबांनी तिथंच उंबऱ्यावर फोडला. नगरसेवकांनी इस्त्रीच्या कपड्यांत धुराचं मशीन बाहेर काढलं. भाचा मंडप न्यायला पळत आला. गाडीत बसताना साहेबांनी काच खाली केली. "काकू, शाल ठेवू ना आता?"

"ठेवा, साहेब. आता तुमची हाय."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत बसले, तर माजीबाई आल्या आणि त्यांनी शेवटची शाल माझ्या खांद्यावर टाकली. डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला.

"कशाबद्दल, काकू?"

"बी. ए. झाल्याबद्दल."

"अजून परीक्षा व्हायचीय!"

"झाल्यावर तर कुणीबी करतंय. आन् ध्यानात ठेव, न्हाई झालीस तर परत घेईन. साहेबाला सोडलं न्हाई, तू कोण लागून गेलीस?"

त्या शालीच्या वासात मी अख्खा इतिहास पाठ केला. निकाल लागला तशी मोबाइल हातात धरून पळत त्यांच्या ओट्यावर गेले. माजीबाई शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय सांगतीस? मी तर कवाच सत्कार केलाय."

पुढे मी बी. एड. केलं, गावातल्या शाळेत लागले. निलंग्याच्या मुलाचं दुसरीकडे झालं, सुखात आहे असं ऐकते. अभ्यासिका इतकी भरायला लागली की पोरं पायऱ्यांवर बसू लागली. वरचा मजला पाहिजे होता. पालिका म्हणायची, विषय पुढच्या सभेत घेऊ. आणि माजीबाईंचं कपाट आता रिकामं होतं.

मागच्या वर्षी त्या आजारी पडल्या. लातूरला दाखवून आणलं, मग घरीच ठेवलं. मी माझ्या पगारातून एक शाल घेतली आणि गेले. खाटेवर बारीक झाल्या होत्या. मी शाल पांघरली आणि त्यांच्यासारखाच खणखणीत आवाज काढला, "अभ्यासिकेचा वरचा मजला बांधून घेतल्याबद्दल माजीबाईंचा सत्कार करून राहिलाव!"

खोकला येईपर्यंत हसल्या. "मला अडकवून राहिलीस का, ग्रॅज्वेट?"

"हाव."

"म्हंजे मजला होईस्तोवर जाता यायचं न्हाई म्हण मला."

"नाहीच."

त्यांनी शालीवरून हात फिरवला आणि सुनेला सांगितलं, "कपाटात ठेव. गोळ्या टाक." त्यानंतर खाटेवरून त्यांनी इंजिनियरला दोनदा बोलावून घेतलं. त्यांच्या घराला मागचं दार नसल्याने तो सापडला. नकाशासुद्धा काढायला लावला. पण उन्हाळा संपायच्या आत त्या गेल्या.

तेराव्यानंतर त्यांची सून माझ्या घरी आली. सासूला ती आत्या म्हणायची. पिशवीतून शाल काढून तिने माझ्या हातात दिली. "आत्या म्हणल्या व्हत्या, काम राहिलं, ग्रॅज्वेटला शाल परत दे. फुकटची घेऊन जायची न्हाई म्हणल्या. पाच वर्षं लई घेतल्या म्हणल्या."

मी शाल उलगडली. नवीनच होती, पण तिला आता कपाटाचा वास लागला होता.

या महिन्यात आमच्या पालिकेला नवे नगराध्यक्ष मिळाले आहेत. शुक्रवारी संध्याकाळी अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर त्यांचा सत्कार ठेवला आहे. मजकूर मीच लिहिला. निरोप द्यायला गेले तर त्यांनी लगेच हो म्हटलं, फोटोग्राफरही आपणच आणतो म्हणाले. कशाबद्दल, ते मात्र त्यांनी विचारलं नाही.