गरीब तुर्दुबेकची घोडी

चौतीस वर्षांचा संसार मोडायला तुर्दुबेक नारीन शहराच्या कोर्टात आला, तो कोपराला भोक पडलेला कोट घालून. त्याच्या बायकोने, सेयिलकानने, भोक ओळखलं. हात धड होते तेव्हा तिनेच तिथे ठिगळ लावलं होतं. गरीब दिसण्यासाठी बिचाऱ्याने एकेक टाका उसवला असणार. घरकामाला त्याचा हात लागल्याचा हा पहिलाच प्रसंग.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "रागलोभ घरी ठेवा. पोटगी ठरवताना मी दोनच गोष्टी बघणार. यांची गरज किती आणि तुमची ऐपत किती."

गरज उघड होती. ओल्या लोकरीचे नमदे, म्हणजे जाड गालिचे, लाटून लाटून सेयिलकानची बोटं आखडली होती, मूठ मिटत नव्हती. वय एकोणसाठ. पेन्शन औषधगोळ्यांतच संपायचं.

ऐपत मात्र हवेत विरली होती.

"घोडे धाकट्या भावाचे आहेत, बाई. मी कोऱ्या चहावर दिवस काढतो," तुर्दुबेक म्हणाला.

कागदही तेच सांगत होते. त्याला बायकोचा कंटाळा आला, नेमक्या त्याच आठवड्यात सगळे घोडे त्या भावाच्या, इसाकबेकच्या, नावावर चढले होते. बंधुप्रेम कसं, वेळ साधून उफाळतं.

"घोडे यांचेच आहेत याचा पुरावा?" बाईंनी सेयिलकानला विचारलं. तो नव्हता. तीन आठवड्यांनी शेवटची तारीख पडली.

मधल्या रविवारी इसाकबेकच्या मुलाचं लग्न होतं. सेयिलकान ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधू लागली, तशी मुलगी नुरिपा चिडली.

"आई, काही लाज? ते तुला टाकतायत आणि तू त्यांच्याकडे जेवायला निघालीस?"

"न्यायाधीशापुढे तुझे बाबा खुशाल भिकारी होतील गं. व्याह्यांपुढे जमायचं नाही त्यांना. तू फोन चार्ज करून घे."

मांडवात आहेर पुकारणाऱ्याने माइकवर सांगितलं, की नवरीच्या मामाने घोडा दिलाय. तुर्दुबेकचा घास हातातच राहिला. पाचच मिनिटांत तो पुकारणाऱ्याच्या कानाला लागला.

"नवऱ्यामुलाचे थोरले काका तुर्दुबेक! व्याह्यांना स्वतःच्या कळपातली तांबडी घोडी, शिंगरासकट!"

लोकांनी त्याच्या अंगावर मानाचा मखमली झगा चढवला. कोऱ्या चहावर जगणाऱ्याला तो पोटावर जरा घट्टच झाला. नुरिपाने सगळं टिपलं.

कोर्टात चित्रफीत लागली. "ही घोडी कोणाची?" बाईंनी विचारलं.

साक्षीला आलेला इसाकबेकच आधी म्हणाला, "दादा, माझी असेल तर मला न विचारता दिलीस. उद्या व्याह्यांच्या दारातून सोडून आणतो."

दिलेला आहेर परत. खोऱ्यातल्या शेवटच्या तंबूपर्यंत बातमी गेली असती.

"गप बस तू," तुर्दुबेक म्हणाला. "घोडी माझी आहे."

"आणि बाकीचे सोळा?" बाईंनी विचारलं.

"अठरा," त्याने मान वर करून सांगितलं. चुकीचा आकडा त्याला सहन होईना.

दरमहा नऊ हजार सोम पोटगी ठरली. कारण म्हणून लिहिलं गेलं: हात निकामी, पतीची ऐपत पुरेशी.

पायऱ्यांवर तो गुरकावला, "झालं समाधान?"

"कोपर तेवढं शिवून घ्या," सेयिलकान म्हणाली. "मी शिवलं असतं, पण माझ्या बोटांत सुई राहत नाही. कोर्टाने लिहूनच दिलंय तसं."