बाजूचा उजेड

खाणीत तो पडला तेव्हा मी त्याच्या मागेच होते, आणि मला पहिला संशय आला तो दिवा विकणाऱ्याचा.

पडला तो माझा नवरा. लहानपणी आम्ही एकाच चाळीत होतो, त्यामुळे 'अहो' मला कधी जमलंच नाही. आता बोरीवलीत राहतो, नॅशनल पार्कच्या बाजूला. त्याने अख्खी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत काढली, काळोख्या खड्ड्यांत उतरून नट पिळले. मी एका सोसायटीच्या ऑफिसात हिशेब बघते. आणि सुट्टी मिळाली की आम्ही दोघं गुहा बघत फिरतो. किल्ल्यांवरची टाकी, भुयारं, आणि गेली काही वर्षं त्याच्या कोकणातल्या गावाजवळची एक बंद पडलेली खाण. डोंगरात आडवं खणलेलं लांबलचक भुयार आहे ते. लोक म्हणतात, या वयात हे काय भलतंच. म्हणू देत.

त्या दिवशी तो नेहमीसारखा पुढे होता. एका ठिकाणी छताला दिलेला जुना लाकडी टेकू कलून कडेने आडवा आला होता. मला मागून तो स्वच्छ दिसत होता. वाटलं, यालाही दिसतोय, घालेल वळसा. कसला वळसा! सरळ खांद्याने आदळला आणि पाण्यात बसला.

"दिवा बेकार आहे यार," उठता उठता तो म्हणाला. "उजेड पसरतच नाही. बाजूला नुसता काळोख."

आम्ही तिथूनच मागे फिरलो. कारण टेकूच्या पुढे, भुयाराच्या कडेला, विहिरीसारखा उभा खड्डा आहे. जुन्या लोकांनी खाली माल शोधायला खणलेला. त्याच्या बाजूने जेमतेम एक माणूस जाईल एवढीच वाट. थंडीत पुन्हा यायचं ठरलं होतं, तो खड्डा ओलांडून पलीकडे जायचं ठरलं होतं, आणि पुढे तोच असणार होता. कडेचं न दाखवणारा दिवा घेऊन तिथे पाऊल टाकायचं म्हणजे सरळ खाली. तोवर नवा हेडलॅम्प घ्यायचा, आणि तो मी निवडणार, हे मी गाडीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

मी मुळातच संशयी आहे. भाजी घेताना मी काट्याकडे बघत नाही, भाजीवाल्याच्या अंगठ्याकडे बघते. आणि हेडलॅम्पचा धंदा तर माझ्यासारखीला छळायलाच काढलेला. डब्यावर लुमेनचा असा आकडा, की वाटावं हा लावला तर क्रिकेटचं मैदान उजळेल. रात्रभर चालतो म्हणे. पहिला तास झकास, मग बॅटरी उतरते तसा मिणमिणत जातो, आणि तो मिणमिणता वेळही हे लोक 'रात्रभर'मध्ये धरतात. पाण्यात चालतो म्हणे. कुठल्या पाण्यात, शिंतोड्यात की डबक्यात? ते कोण सांगतंय! सगळे टोप्या घालायला बसलेत.

म्हणून ऑनलाइन मागवलेला पहिला दिवा आला, तो मी आधी बादलीत बुडवला.

"अगं, वाट लावशील त्याची!" नवरा ओरडला.

"लागू दे. आत लागण्यापेक्षा इथे लागलेली बरी."

दिवा बादलीच्या तळाशी मजेत चालू राहिला. मग प्रश्न आला काळोखाचा. मुंबईत सगळं मिळतं, काळोख मिळत नाही. पार्कात आहे, पण तिथे बिबट्या आहे आणि वर वॉचमन आहे. शेवटी बाथरूमची खिडकी पेपर चिकटवून बंद केली, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला, आणि भर दुपारी आम्ही दोघं आत, याच्या डोक्याला दिवा बांधलेला. बाहेरून भांडीवाल्या मावशी विचारतायत, "वहिनी, काय झालं? दार अडकलं काय?"

"कसा आहे?" मी त्याला विचारलं.

"समोर ठीक. बाजूला काळोख."

तो दिवा परत गेला. दुसरा आम्ही अंधेरीच्या एका दुकानातून आणला. ट्रेकचं सामान विकणारा चाळिशीचा माणूस, दर दोन वाक्यांनी 'ट्रस्ट मी' म्हणायचा. 'ट्रस्ट मी' म्हणणाऱ्याच्या समोर मी पर्सचं तोंडसुद्धा उघडत नाही. पण दिवा त्याने समजावून दिला. म्हणाला, लांब फेकणारा अरुंद झोत डोंगरात वाट शोधायला. गुहेत भिंत हाताच्या अंतरावर असते, तिथे पसरट उजेड लागतो. मला पटलं. घरी आलो, बाथरूम, टॉवेल, दिवा. आणि पुन्हा तेच. "बाजूला काही दिसत नाही गं."

मी एकटीच तडक अंधेरीला गेले आणि त्या माणसाला धारेवर धरलं. "ड्युप्लिकेट माल खपवता? आतली काच बदललीत का?"

"मॅडम, सील तुम्हीच फोडलंत ना."

"सील काय, दहा मिळतात बाजारात."

त्याने निमूटपणे दिवा परत घेतला. एवढ्या सहज घेतला म्हणून तर मला आणखी संशय आला.

त्याच दिवसांत आणखी एक संशय मला कुरतडत होता, आणि तो दिव्याचा नव्हता. नवरा बदलला होता. मी स्वयंपाकघरात त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले तरी वळून बघायचा नाही. चहाचा कप बाजूने पुढे केला की दचकायचा. टीपॉयला धडकायचा, आणि मी ओरडायचे, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" स्कूटर चालवणं त्याने सोडलं होतं, म्हणे ट्रॅफिक फार झालंय. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटायला लागलं. बायकांना जे वाटतं तेच मला वाटलं. एकदा तो अंघोळीला गेल्यावर फोन बघितला. आत दिव्यांच्या व्हिडिओंशिवाय काही नव्हतं. तेव्हा तर मी जास्तच घाबरले. एवढं स्वच्छ कोण असतं?

तिसऱ्यांदा आम्ही दोघं मिळून त्या दुकानात गेलो. मालकाने आम्हाला बघितलं, एक उसासा टाकला आणि मागच्या गोदामाचं दार उघडलं. खिडकी नसलेली खोली. "इथे बघा," तो म्हणाला. "माझ्याकडचा सगळ्यात रुंद उजेडाचा दिवा देतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसतं."

नवऱ्याने तो डोक्याला बांधला, दार बंद झालं, दिवा लागला. त्याने समोरच्या भिंतीवर झोत टाकला. मग म्हणाला, "नाही रे. बाजूला काळोखच आहे."

दुकानदाराने त्याच्या कपाळावरचा दिवा तपासला. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काहीतरी होतं आणि ते माझ्या डोक्यात गेलं. मला वाटलं, हसतोय मनातल्या मनात. "काय बघताय?" मी खेकसले.

"मॅडम, तुम्ही स्वतः एकदा लावा ना."

मी नवऱ्याच्या डोक्यावरचा दिवा काढून माझ्या डोक्याला बांधला. अख्खी खोली उजळलेली होती. दोन्ही भिंतींना बुटांचे खोके, खुंट्यांवर दोऱ्या, आणि नवऱ्याच्या कोपराला जवळजवळ टेकलेली एक ॲल्युमिनियमची शिडी, चकचकत.

"ती शिडी दिसतेय ना तुला?" मी विचारलं.

"कुठली शिडी?"

"नाटकं करू नकोस."

"अगं, कुठली शिडी?" तो खरंच चिडला होता. मग त्याने अख्खी मान वळवली, आणि शिडी बघून एक पाऊल मागे सरकला.

मी दिवा विझवला. त्या माणसासमोर मला त्याचा चेहरा बघायचा नव्हता, आणि माझा दाखवायचा नव्हता.

घरी आल्यावर मी त्याला काही सांगितलं नाही. संशयी माणूस पुरावा गोळा करतो. तो पेपर वाचत बसला की मी कडेकडेने त्याच्या कानापर्यंत जायचे आणि हात हलवायचे. काही नाही. ताटाच्या कडेला लोणचं वाढायचे. जेवण संपायचं, लोणचं तसंच. शेवटी एकदा त्याने मान वळवली तेव्हा माझा हात हवेतच होता. "काय चाललंय तुझं?" तो म्हणाला. मला रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं, की माझा संशय खोटा ठरू दे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रासमोर बसवलं. आत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. तो बाहेर आला तो खुशीत. "झकास झाली. एकही सोडला नाही." मग कागद आला. मधे थोडंसं पांढरं आणि सभोवती सगळं काळं.

"मोतीबिंदू ना?" नवरा म्हणाला. "माझ्या आईचा पण काढला होता. काढून टाकू."

"मोतीबिंदू नाही. काचबिंदू," बाई म्हणाल्या. नावं सख्ख्या बहिणींची वाटतात. पण एकीत गेलेली नजर परत मिळते आणि दुसरीत मिळत नाही. बाई शांतपणे सांगत होत्या: जे गेलं ते गेलं, उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं, रोज, न चुकता. दुखत नाही म्हणून कळत नाही. अंधारात, खाचखळग्यात आता जायचं नाही.

"पण मला काळं काही दिसत नाही," तो म्हणाला. "बाजूला काही गेलंय असं वाटतच नाही."

"तसं वाटत नाहीच. उजेड असतो तिथे मेंदू स्वतःच चित्र पुरं करून घेतो. अंधारात त्याला तेवढं जमत नाही."

जिन्यात आल्यावर तो म्हणाला, "मला वाटतं ते मशीनच खराब आहे."

मग माझा तोल गेला. "दिवा खराब, दुकानदार खराब, मशीन खराब! अरे, सगळं जग खराब आणि तू एकटा चांगला का?" लोक वळून बघायला लागले. मला पर्वा नव्हती. मला त्या खड्ड्याच्या कडेची वाट दिसत होती, आणि तिथे सरळ समोर बघत, पूर्ण खात्रीने चालणारा तो दिसत होता. मी त्याला तसं सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "बाबासुद्धा शेवटी भिंतीला हात लावून चालायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपण."

त्यानंतर कितीतरी आठवडे आमच्या घरात खाणीचा विषय निघाला नाही. मी थेंब घालायचे, तो छताकडे बघायचा. आणि एका सकाळी तोच म्हणाला, "चल, दिवा घ्यायचाय."

"कुणाला?"

"तुला. खड्ड्यापलीकडे कुणीतरी जायला हवं ना. मी बाहेर बसेन."

त्या गोदामात हेडलॅम्प माझ्या डोक्यावर होता आणि निवडत तो होता. काळोखात शेजारी उभा राहून एकेक विचारायचा. "मान खाली न घालता पायाखालचं दिसतं का? भिंत आणि जमीन एकदम दिसते का? ओल्या दगडावर चमकून डोळ्यावर येतो का?" मग मला जाड हातमोजे घालायला लावून दिवा चालू-बंद करून घेतला. एक दिवा बटण बारीक म्हणून नापास, एक बॅटरी मधेच बदलता येत नाही म्हणून नापास. शेवटी पिवळसर, पसरट उजेडाचा एक ठरला, आणि त्याच्यासोबत खिशात ठेवायला आणखी दोन साधे. एकच दिवा घेऊन आत जायचं नाही, हे त्याने मला ठणकावून सांगितलं. दुकानदाराने 'ट्रस्ट मी' एकदाही म्हटलं नाही.

थंडीत आम्ही गावी गेलो. गुहा बघणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपमधली दोघं माझ्याबरोबर आत येणार होती. नवरा तोंडाशी एका दगडावर बसला. माझ्या हेल्मेटचा पट्टा त्याने ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला, आणि "जा" म्हणाला.

टेकू गेला, खड्डा आला. मी त्याच्या कडेने पाठ भिंतीला घासत गेले, आणि मला रागच येत होता. खड्ड्याचा, त्याच्या डोळ्यांचा, माझे डोळे चांगले असल्याचा. पलीकडे भुयार एकदम रुंद झालं. भिंतीत काळे-जांभळे पट्टे होते आणि त्यांच्यावरून पाणी झिरपत होतं. खांद्याच्या उंचीवर दगडात छोटे छोटे कोनाडे कोरलेले, जुन्या कामगारांचे दिवे ठेवायला. त्यांच्या वरची काजळी अजून तशीच होती. आयुष्यभर आम्ही दोघं मिळून जे शोधत हिंडलो, ते असं काहीतरी होतं. आणि मी ते त्याच्याशिवाय बघत होते.

बाहेर आले तेव्हा तो उठून उभा होता.

"काय आहे पलीकडे?"

"काही नाही रे," मी म्हणाले. "नुसता चिखल. पुढे वाटच बंद आहे. उगाच एवढी यातायात."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने आजवर कुणावर संशय घेतलेला मी पाहिला नव्हता. माझ्यावर तर कधीच नाही.

"खोटं बोलतेस," तो म्हणाला.

मी हेल्मेट काढायला गेले. पट्टा निघेना, तो त्यानेच सोडवला. मग मला दगडावर बसवलं आणि स्वतः समोर मातीत बसला.

"सांग सगळं. टेकूपासून."

"काय सांगू? उजवीकडचं सांगू की डावीकडचं?"

"दोन्हीकडचं," तो म्हणाला.