आईच्या दोन गोळ्या

ताई, आईला गावाहून आणलं त्या दिवशी तू पुण्यात होतीस. फाट्यावर एसटी येऊन उभी राहिली, तरी आई आपली शेजारणीला म्हशीच्या वैरणीचं समजावतच होती. शेवटी कंडक्टर म्हणाला, "मावशी, म्हशीलाबी घ्या संगं." सगळी गाडी हसली, आई नाही.

इथं शहरात, मुकुंदवाडीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. गावात तिला ओट्याच्या पायऱ्या तेवढ्या ठाऊक. इथल्या जिन्यानं तिचे गुडघे धरले आणि दुखण्याची गोळी रोजची झाली. काही महिन्यांत आई बसल्या जागी पेंगायला लागली. तोंड सुजट, उन्हातही अंगावर शाल, बोलणं जवळजवळ बंद. मला वाटलं, शहर मानवलं नाही. वाळूजला कामावर जायच्या बसमध्ये बसलो की मन खायचं, आपल्या सोयीसाठी म्हातारीला उपटून आणलं. एका सकाळी ती म्हणाली, "मला गावाकडं सोड." अशा अवस्थेत ती तिथं एकटी कशी राहणार, या विचारानं मी हबकलो.

तरी तिची पिशवी भरायला घेतली, तर तिला गावापासून रोज घ्यायला सांगितलेल्या थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली जवळजवळ भरलेली. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "दोन दवा एका पोटात भांडत्यात. दुखण्याची घेतली की त्या दिशी ती नाय घेत." आपल्याकडं पूर्वीपासून हेच, वैद्याच्या पुडीवर दुसरं काही घ्यायचं नाही. आईनं तो नियम शहरातही इमानेइतबारे पाळला होता.

तिला तसंच दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, थायरॉईड पार बिघडलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दोन गोळ्यांचं आपसात वैर नाही. थायरॉईडची रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा तासाभरानं. दुखण्याची जेवणानंतर, तीही त्या सांगतील तेवढीच, कारण या वयात ती पोटाला, किडनीला आणि बीपीला बाधते. अॅसिडिटीचं औषध किंवा कॅल्शियम घ्यायचं झालं, तर ते मात्र थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. ऐकताना मला रडूच आलं, ताई. दोष शहराचा नव्हता आणि माझाही नव्हता.

आई हळूहळू माणसात आली. आता ती खाली भाजीवाल्याशी हुज्जत घालते, ते वर तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं. घर म्हणून मला तेवढं पुरतं. परवा भीतभीतच विचारलं, गावाकडं सोडू का?

"आत्ता कुठं? खालच्या शबानाचं लोणचं घालायचंय. पोरगी मीठ लई टाकती."