दोन्ही टोकं बांधलेली केबल

नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकाजवळ, बॅटऱ्यांच्या दुकानाच्या वर माझा स्टुडिओ आहे. मी माणसांचे फोटो काढत नाही. लोणची, मसाले, बेदाणे, साबण, क्वचित पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग, असं जे डब्यात किंवा खोक्यात विकलं जातं त्याचे काढते. वस्तू आपण जाड दिसतोय का म्हणून विचारत नाहीत, म्हणून हे काम निवडलं असं मी लोकांना सांगायचे. वस्तूंचे मालक ते विचारतात हे मला नंतर कळलं.

या मालकांसाठीच मी कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून काम करायला लागले. शटर दाबलं की फोटो लगेच मोठा होऊन पडद्यावर येतो, आणि मालक सोफ्यावर बसल्या बसल्या सांगू शकतो की झाकण जरा डावीकडे घ्या. पहिल्याच वर्षी एका लोणचेवाल्या काकांचा पाय त्या केबलमध्ये अडकला आणि कॅमेऱ्यात केबल खुपसायची खाच आतून तुटली. कॅमेरा तीन आठवडे मुंबईला दुरुस्तीला गेला. काका म्हणाले, “ताई, तुमची वायर मध्ये आली.”

तेव्हापासून मी केबलच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. लांबूनही दिसेल अशी भगवी केबल आणली. ती कॅमेऱ्यातून निसटू नये म्हणून कॅमेऱ्याच्या बुडाला घट्ट पकडणारी पट्टी बसवली. ट्रायपॉडच्या पायाशी वाळूची पिशवी ठेवली. लॅपटॉपच्या बाजूला केबल टेबलाच्या कडेला चिमट्याने आवळली. जमिनीवरून जाणाऱ्या भागावर काळी कापडी टेप मारली. इतर फोटोग्राफर माझ्याकडे येऊन या व्यवस्थेचे फोटो काढून नेत, आणि मी त्यांना प्रत्येक गाठ समजावून सांगत असे. ऐकणाऱ्याला कंटाळा आलाय हे मला दिसायचं, पण मी थांबत नसे.

माझे वडील, अण्णा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले. सगळी नोकरी त्यांनी केबल टाकण्यात, जोडण्यात आणि बांधण्यात काढली. निवृत्तीनंतर ते नाशिकरोडहून बसने स्टुडिओत यायला लागले. येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचायचे, चहा घ्यायचे, चारच्या सुमाराला परत जायचे. मनगटाएवढ्या जाड केबली हाताळलेला माणूस माझ्या भगव्या दोरीकडे कौतुकाने बघेल असं मला उगाच वाटलं होतं.

एका सकाळी त्यांनी पेपर खाली ठेवला, कॅमेऱ्यापासून टेबलापर्यंत केबलच्या कडेकडेने चालत गेले, चिमटा ओढून बघितला आणि म्हणाले, “दोन्ही टोकं बांधली तू. मग ताण आला तर सुटणार कुठं?”

मी म्हणाले, “अण्णा, सुटू नये म्हणूनच तर बांधलीय.”

ते “बरं” म्हणाले आणि पुन्हा पेपर घेऊन बसले. अण्णांच्या काळातली जाडजूड कामं वेगळी आणि आमची नाजूक उपकरणं वेगळी, असं मी मनात म्हटलं. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं असतं, पण तेवढ्यात शेठ आले.

शेठ म्हणजे पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष निर्यातदार. परदेशी गिऱ्हाइकांना पाठवायच्या माहितीपत्रकासाठी त्यांना फोटो हवे होते. त्यांनी निवडक घडांचे दोन क्रेट आणले होते. मण्यांवर जो पांढुरका थर असतो, तो बोट लागलं की पुसला जातो आणि डाग पडल्यासारखा दिसतो, म्हणून घड फक्त देठाला धरायचा, असं त्यांनी मला बजावलं. मीही त्यांना बजावलं, की जमिनीवर भगवी केबल आहे, तिच्यावर पाय पडता कामा नये. पहिल्या तासाभरात मी हे तीन वेळा सांगितलं असेल. शेठ बिचारे केबलजवळ आले की धोतर नसतानाही धोतर आवरल्यासारखे पाय उचलत. अण्णा तर चहा घ्यायला जाताना सोफ्याला पूर्ण वळसा घालून जात.

काम छान चाललं होतं. मग शेठनी घरी व्हिडिओ कॉल लावला, कारण फोटो पसंत करणार होत्या त्या त्यांच्या मिसेस. त्यांना पडदा नीट दिसेना. म्हणून लॅपटॉपचं ते हलकं, घडीचं टेबल मी सोफ्याजवळ ओढलं. टेबल सरकलं तशी जमिनीवरची टेप उखडली आणि केबल वीतभर वर उचलली गेली. ती परत चिकटवायला दोन मिनिटं लागली असती. पण दिव्यांच्या उबेने घड सुकायला लागतील अशी मला घाई होती, आणि केबल सगळ्यांना दिसतेच आहे असाही एक विचार होता. दोन्ही टोकं पक्की आहेत याचा तर अभिमानच होता.

पुढचा घड मी देठाला धरून मांडला. तो तिरका वाटला म्हणून जरा लांबून बघायला दोन पावलं मागे सरकले. तिसऱ्या पावलाला घोट्याशी काहीतरी अडलं.

मी आधी ट्रायपॉडकडे झेपावले. त्याची गरज नव्हती. वाळूच्या पिशवीमुळे तो जागचा हललाही नव्हता, आणि पट्टीने केबल कॅमेऱ्यात घट्ट धरून ठेवली होती. एवढं सगळं पक्कं असल्यामुळे माझ्या पायाचा सगळा हिसका दुसऱ्या टोकाला गेला. चिमटाही सुटला नाही. त्याने टेबलच आडवं केलं. लॅपटॉप घसरत गेला आणि शेजारी उघड्या ठेवलेल्या दुसऱ्या क्रेटमध्ये तोंडावर पडला.

फचकन आवाज आला. शेठच्या हातातला फोन छताकडे वळला होता. त्यातून त्यांच्या मिसेस विचारत होत्या, की द्राक्षं कुठं गेली.

अण्णा उठले. त्यांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग लॅपटॉप उचलून रुमालाने पुसला, झाकण उघडून बघितलं आणि शेठना म्हणाले, “जीवितहानी नाय.” नोकरीत अपघातानंतर साहेबाला असंच सांगत असावेत. लॅपटॉपची एक बिजागरी तडकली होती, बाकी तो चालू होता. काढलेले फोटोही शाबूत होते. मात्र त्याला वाचवण्याच्या कामी खालचे सातआठ निवडक घड आले होते. मी ट्रायपॉडला धरून तिथंच उभी होते. लोणचेवाल्या काकांना मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या ते आठवून मला लाज वाटली.

मी माफी मागितली. शेठ म्हणाले, “असू द्या ताई. वायर मध्येच होती.” ते समजूत घालत होते, पण मला ते फार लागलं. त्यांनी फोन करून टेंपोतून आणखी एक क्रेट मागवला.

टेंपो येईपर्यंत आम्ही तिघांनी चेचलेली द्राक्षं खाल्ली. अण्णा वीजकेंद्रात होते हे कळल्यावर शेठनी जुनी तक्रार काढली. त्यांच्या वडिलांना मळ्याला पाणी द्यायला कायम अवेळी वीज मिळायची, याबद्दल त्यांना कुणालातरी जाब विचारायचाच होता. अण्णा म्हणाले, की आम्ही फक्त तयार करायचो, वाटायचो नाही. शेठना ते पटलं नाही, पण राग थोडा निवळला.

खाऊन झाल्यावर अण्णांनी हात धुतले आणि मला विचारलं, शिवायचा दोरा आहे का. कापडाच्या पडद्यांसाठी मी सुईदोरा ठेवते, तो दिला. त्यांनी केबल भिंतीच्या कडेने फिरवून घेतली. कॅमेऱ्याकडची पट्टी तशीच ठेवली. टेबलाचा चिमटा मात्र काढून टाकला आणि केबल टेबलाच्या पायाला एकपदरी दोऱ्याने बांधली. मग मला म्हणाले, ओढ. मी भीतभीत ओढली. दोरा तुटला, लॅपटॉपमधून पिन अलगद बाहेर आली, टेबल हललंसुद्धा नाही. अण्णांनी दुसरा दोरा बांधला. बोलण्यासारखं जे होतं ते मी सकाळीच बोलून बसले होते.

दुपारभर काम चाललं. दोरा एकदा तुटला, तो शेठच्या पायाने. त्यांना इतकं वाईट वाटलं, की मीच त्यांना पाणी दिलं. मिसेसना शेवटच्या क्रेटमधले फोटो पसंत पडले, आणि पुढच्या हंगामाचं कामही त्यांनी मलाच द्यायचं ठरवलं. अपघातात आपण काय पाहिलं, ते त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवशी अण्णांना बसने न पाठवता मी स्कूटरवरून घरी सोडलं. वाटेत मला राहवेना. मी म्हणाले, “तुम्हाला दिसत होतं, तर जोर देऊन सांगायचं ना.”

“सांगितलं होतं की.”

“एकदाच सांगितलं.”

सिग्नल सुटला. मग अण्णा मागून म्हणाले, “तुझी आई म्हणे, पोरीच्या दुकानात जाताय, एक गोष्ट दहादा सांगत बसू नका. म्हणून एकदाच सांगितली.”

घरी गेल्यावर मी आईला झालेला सगळा प्रकार सांगितला आणि म्हणाले, अण्णांना निदान दोनदा सांगायची मुभा दे. आई भाजी निवडत होती. तिने अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला फक्त एवढंच समजून घ्यायचं होतं, की एवढी चांगली द्राक्षं तिघांनीच संपवली, घरी चार आणावीत असं कुणाच्याच मनात कसं आलं नाही.