भांडुपचे मेस्त्री आणि माझा रंधा

मेस्त्रींना एखादी वस्तू नीट बघायची असली की ते डोळे मिटून घेत. मग तळवा तिच्यावरून इतका सावकाश फिरवत की समोरच्याला पेंग यावी. भांडुपला आमच्या बिल्डिंगमागे त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. दुपारी पत्र्याच्या फटींतून ऊन आत उतरायचं, त्यात भुसा तरंगत राहायचा. घरून करायचं ऑफिसचं काम संपलं की मी तिथल्या स्टुलावर जाऊन गप्प बसायची. बस असं त्यांनी कधी सांगितलं नाही, ऊठ असंही नाही.

कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडून मी लाकूड तासायचा जुना लोखंडी रंधा विकत घेतला. दुरुस्त करून वापरायचा होता. त्याला मराठीत रंधा म्हणतात हेसुद्धा मला मेस्त्रींमुळेच कळलेलं. अंगभर गंज, आणि पातं बाहेर येतं तिथे केसासारखी चीर. फसले असं वाटून मी तो ओढणीखाली धरूनच नेला. मेस्त्रींनी डोळे मिटले, चिरेवर नखाने टकटक केलं, कान लावला. "म्हातारी चीर आसा ही," ते म्हणाले. "आता पुढे जावची नाय."

तेवढ्याने मला इतका हुरूप आला की रविवारी मी रंध्याची काळी लाकडी मूठ पॉलिश पेपरने घासून नव्यासारखी केली. मेस्त्रींनी ती मूठ तळव्यात धरून पाहिली.

"मळ काढलंस गो," ते म्हणाले. "तो मळ नव्हतो. कोणाचो तरी हात होतो तो."

रागावले नाहीत. तेलाचं फडकं दिलं आणि सांगितलं, आता तुझाच हात लागू दे, रोज.

पुढे कित्येक दुपारी मी काचेवर पॉलिश पेपर ठेवून रंध्याचा तळ घासला. पात्याला धार त्यांनी मुद्दामच लावून दिली नाही. नुसतं कोपर कुठे असावं ते दाखवत आणि चिडवत, रंधो मारतंस की लादी पुसतंस? मी हसायची आणि कोपर सरळ करायची.

मग दुकानाची जागा रिडेव्हलपमेंटला गेल्याचं कळलं. मेस्त्री महिनाअखेर मुलाकडे जाणार होते, कुडाळजवळ गावी. रंधा चालताना त्यांनी एकदा तरी बघावा, एवढंच मला हवं होतं. पण तो थरथरायचा, अडायचा, लाकूड ओरबाडायचा.

शेवटच्या दुपारी दुकान जवळजवळ रिकामं होतं. त्यांनी सागाची एक फळी समोर ठेवली. दोनदा रंधा अडला. तिसऱ्यांदा आवाजच बदलला, रेशीम फाटल्यासारखा झाला, आणि लाकडाची एक लांब पातळ साल गोल गोल होत माझ्या मनगटावर आली.

मेस्त्रींनी हात पुढे केला. मी रंधा दिला. त्यांनी तो फळीवर टेकवून ढकलला, आणि अर्ध्यावर तो खडखडत अडला. त्यांचं मनगट थरथरलेलं मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

"माझ्या हातात आता तो चलाचो नाय," रंधा माझ्याकडे परत देत ते म्हणाले. "तुझो झालो."

त्यात खरं किती आणि माझ्यासाठी म्हटलेलं किती, हे मी विचारलं नाही. रंधा घेतला आणि त्यांच्यासमोर उरलेली फळी पुरी केली.