बारा फुटांवरचे मासे

रेल्वे कॉलनीत किस्से सांगायला कुणी मुद्दाम बसत नाही. चहाला कुणी आलं की ते आपोआप निघतात. बदल्यांचे, लग्नांचे, नळावरच्या भांडणांचे किस्से आमच्याकडे होतेच. पण गेल्या वर्षी घरात माशांची टाकी आली आणि असा काही ढीग जमला, की आता पाहुणे मासे कमी बघतात आणि किस्से जास्त ऐकतात!

टाकी हौसेची नव्हती. माझे वडील, आप्पा, दौंडला केबिनमन होते, केबिनमध्ये सिग्नलचे खटके ओढायचे. रिटायर झाल्यावर बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. आता चालले तर चालले, नाहीतर कायमचे खाटेवर." आणि आप्पा चालेनात! वॉकर खाटेला टेकवून ठेवलेला आणि त्यावर यांचा टॉवेल वाळत. व्यायाम करून घेणारा मुलगा आला की हे झोपेचं सोंग घ्यायचे. मी समजावलं, ओरडलो, एकदा तर रडलोही. भिंतीकडे तोंड करून ते एवढंच म्हणायचे, "जाऊ दे रं." त्या 'जाऊ दे'ची मला फार भीती वाटायची.

शेजारच्या गायकवाड मॅडम शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनीच सुचवलं, "घरात काहीतरी हलतं-फिरतं आणा. मासे आणा."

*

दोन फुटी टाकी आणली. मी ती खाटेशेजारी ठेवणार, तेवढ्यात माझ्या बायकोनं, मंगलनं, ती हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवायला लावली. खाटेपासून बारा फूट!

"अगं, आप्पांना दिसायला नको का?"

"प्लग तिकडंच आहे," मंगल म्हणाली. साफ खोटं. खाटेच्या उशाशी दोन प्लग होते.

आप्पा कुरकुरले, "मला हितनं काय बी दिसंना."

मंगल भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग जवळ येऊन बघा की!"

आप्पांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

*

मॅडमनी बजावलं होतं, "रेती, पाणी, फिल्टर, हीटर सगळं सुरू करा, पण महिनाभर मासा सोडू नका. पाण्यात चांगले जिवाणू वाढू देत. नाहीतर मासे स्वतःच्याच घाणीनं मरतात."

झालं! महिनाभर लाइट लावलेली, बुडबुडे सोडणारी, रिकामी टाकी. येणारा प्रत्येक जण वाकून, मागे जाऊन, टेबलाखाली डोकावून मासे शोधायचा. समोरच्या आजी तर देव्हारा समजून रोज नमस्कार करून जायच्या!

आप्पांचे दोस्त रफिकचाचा, रिटायर्ड गार्ड, रोज सकाळी येतात. ते म्हणाले, "काय आप्पा, मासे न्हाईत, तर पाणी पाळलंय का?"

चादरीच्या आतून आवाज आला, "नव्या लाइनीवर आधी पाशिंजर सोडत्यात व्हय रं? आधी रिकामं इंजिन पळवून बघत्यात. गार्ड व्हतास ना तू?"

मी मंगलकडे बघितलं, मंगलनं माझ्याकडे. दोन महिन्यांत आप्पा सलग एवढं बोलले नव्हते.

*

महिना भरल्यावर मी आणि चाचा पुण्याला जाऊन आठ गप्पी आणि दोन मॉली मासे घेऊन आलो. डेमू गाडीत चाचा दोन्ही हातांत पिशव्या धरून बसलेले. हलवत नव्हते, कुणाला हात लावू देत नव्हते. टीसी आला. चाचांनी मला खिशातून त्यांचा पास काढायला लावला.

टीसीनं पास बघितला, मग पिशव्यांकडे बोट केलं. "आणि हे?"

"पासवरचे डिपेंडंट!" चाचा म्हणाले. "धाच्या धा!"

टीसी पुढच्या डब्यात गेला तो हसतच.

*

आता आमच्या लोकांची खोड. आजाऱ्याला बघायला आलेला माणूस घरातल्या मुक्या जिवाला घास दिल्याशिवाय उठत नाही. कुणी बिस्किट टाकलं, कुणी फरसाण, एका मावशीनं तर भाकरी कुस्करून घातली. "बारीक बारीक तोंडं हायेत, म्हणून कुस्करली!"

चार दिवसांत पाणी दुधासारखं झालं आणि दोन गप्पी मेले. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. आता पुन्हा 'जाऊ दे' सुरू होणार, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आप्पा उठून बसलेले. कुणी हात न देता!

"खाण्याची डबी माझ्याकडं दे," ते म्हणाले. "आन् टोकन कर."

सिंगल लाइनच्या जमान्यात ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी स्टेशनातून हलत नसे. चाचांनी आपल्या पानाच्या डब्याचं पितळी झाकण आणून दिलं. ते झालं टोकन! आप्पांकडून झाकण हातात घ्यायचं, चिमूटभर खाणं टाकायचं, झाकण परत आप्पांच्या हातात. दिवसातून दोनदा, बास.

शिरूरहून मंगलचा भाऊ आला. आल्या आल्या शेवेची पुडी फोडून टाकीकडे निघाला.

"पाव्हणं! टोकन?"

तो हसला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"पाव्हणं, बिगर टोकनाची गाडी सोडलीत तर सस्पेंड हुशाल!"

बिचारा मुकाट्यानं खुर्चीत बसून स्वतःच शेव खात राहिला.

*

मग एका सकाळी वॉकरवरचा टॉवेल जमिनीवर दिसला. आप्पा वॉकर धरून निघाले होते! चार पावलं, पाच पावलं, आणि हॉलच्या मधोमध थांबले. मी धावलो.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"मग चक्कर येतेय?"

"न्हाई रं! आउटर सिग्नलला उभा केलाय मला. हिचा प्लॅटफॉर्म रिकामा हू दे की!"

पुढे मंगल फरशी पुसत होती. ती हसत हसत पाण्याची बादली घेऊन बाजूला झाली आणि आप्पा टाकीला लागले.

त्या दिवसापासून वॉकर घेऊन रोज दोन फेऱ्या. पण वॉकर सोडायचं नाव नाही. डॉक्टर म्हणायचे, "तो सुटेल तेव्हा खरं." आम्ही हात पुढे केला की आप्पा मान हलवायचे. मनातून मी धरूनच चाललो होतो, की वॉकर आता जन्माचा.

*

आणि यवतचं लग्न. दुपारचा मुहूर्त, घरचंच कार्य, टाळता येईना. आप्पांपाशी चाचा बसले, म्हणून मी आणि मंगल गेलो. जेवायला बसतो तोच गायकवाड मॅडमचा शाळेतून फोन. "कॉलनीची लाइट गेलीय म्हणे. टाकीतला पंप बंद पडला असेल. पाण्यात हवा राहिली पाहिजे, नाहीतर मासे गुदमरतील."

चाचांना फोन लावला. उचलेनात. परत लावला. उचलेनात! आता मला मासे कुठले आठवतात? आप्पा पडले असतील, एवढंच डोळ्यांसमोर. जेवण तसंच टाकून मोटारसायकल काढली. मंगल मागे बसून सारखं "हळू, हळू" म्हणत होती, आणि तिचाच हात माझ्या खांद्यात रुतला होता.

दार नुसतं लोटलेलं. चाचा खुर्चीत मान टाकून घोरत होते, फोन मांडीवर. खाट रिकामी. खाटेला टेकवलेला वॉकर जागच्या जागी.

आणि बारा फुटांवर आप्पा उभे! एका हातानं टेबल धरलेलं, दुसऱ्या हातात तांब्या. टाकीतलं पाणी तांब्यात घ्यायचं, उंचावरून परत धार सोडायची. घ्यायचं, सोडायचं. आठही मासे धारेखाली फिरत होते.

मंगलनं तोंडाला पदर लावला. "आप्पा, वॉकर?"

"ह्या हातात तांब्या हाय, त्या हातात टेबल. वॉकर काय डोक्यावर घिऊ?"

"अहो, मग चाचांना तरी उठवायचं!" मी म्हणालो. आवाज रडवेला झाला होता, तो मला लपवता आला नाही.

"त्यो गार्ड. त्याला केबिनमधलं काय कळतंय?" आप्पांनी आणखी एक धार सोडली आणि मग माझ्याकडे बघितलं. "पाऊण तास झाला उभा हाय. रिलीव्हर आल्याबिगर ड्यूटी सुटती व्हय? धर तांब्या!"