पाहुण्याला दिलेलं पाणी

आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांआड येतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. सोलापुरात राहायचं म्हणजे टाकी, पिंप, घागरी भरून ठेवायची सवय लागतेच. पण त्या उन्हाळ्यात नळाला गटारीचा वास यायला लागला. आधी पिवळं यायचं, मग जरा निवळायचं. पहिल्या बादल्या ओतून द्यायच्या आणि पुढचं भरायचं, गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं तसं चाललेलं. मग माझ्या सात वर्षांच्या लेकीला कावीळ झाली.

डॉक्टर म्हणाले, आधी पाणी बदला. प्यायला विकतच्या पाण्याचा जार सुरू केला. पण लेकरूच ते, खेळून आलं की दिसेल त्या नळाला तोंड लावणार. तिच्यामागं किती धावायचं? शेवटी तिला बार्शीला माझ्या माहेरी ठेवलं. नळ सुधारल्याशिवाय आणायचं नाही असं ठरवलं आणि मोबाईलवरून महापालिकेकडं तक्रार टाकली.

पाणीपुरवठ्याचे साहेब आले ते भर दुपारी. नळ कोरडा ठणठणीत. मी बाटलीत भरून ठेवलेलं पाणी दाखवलं, तर म्हणाले, "बाटलीत काय, कुणी काहीही भरून ठेवेल." एकटीचं कशाला ऐकतायत, म्हणून मी शेजारच्या बायकांना बोलवायला गेले. घरात सासूबाई होत्या. त्या कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या. मराठी बोलतात, पण घाबरल्या की तोंडातून कानडीच येते. दारात माणूस आला की आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, ही त्यांची जुनी रीत. मग तो मीटर तोडायला आलेला का असेना!

आम्ही बायका येईपर्यंत साहेबांची गाडी कोपऱ्यावरून वळलेली. संध्याकाळी मेसेज आला: पाहणी केली, पाणी पिऊन पाहिले, चांगले आहे, तक्रार निकाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंना विचारलं, "आत्या, त्यांना कुठलं पाणी दिलं तुम्ही?"

"जारचं की."

"अहो, ते नळाचं बघायला आले होते!"

"मग? दारात आलेल्या माणसाला ती घाण पाजू व्हय?"

कपाळावर हात मारून घेतला. तिकडं पोरगी फोनवर रडायची, आणि मला वाटायचं, ह्यांच्या गुळापायी माझं लेकरू अडकून पडलंय. लई राग आला होता. पुढं किती तरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मग झोन ऑफिसच्या चकरा सुरू झाल्या. साहेब मीटिंगला, साहेब साईटवर. एकदा सापडले, तेव्हा मी टेबलासमोरून हललेच नाही. म्हटलं, पाणी सुटतं त्या वेळेला या, नाहीतर मी रोज इथं येऊन बसते. आले बिचारे, सकाळी सकाळी, डोळे चोळत. पण तोवर पाणी सुटून बराच वेळ झालेला, घाण सगळी वाहून गेलेली. नळाखाली हात धरून म्हणाले, "दिसायला तर स्वच्छ आहे ताई."

डोकंच फिरलं माझं. ग्लास घेतला, नळाखाली धरला आणि त्यांच्या हातात दिला. "प्या की मग!"

तेही इरेला पेटले. ग्लास ओठापर्यंत नेला. तेवढ्यात सासूबाई "ब्याडा, ब्याडा!", म्हणजे नको नको, असं ओरडत आल्या आणि त्यांच्या हातावर फटका मारला. ग्लास उडाला, साहेबांचा शर्ट भिजला. त्यांनी सासूबाईंना विचारलं,

"मग त्या दिवशी कसं दिलं, आजी?"

"ते विकतचं हुतं, बाबा. हे नको पिऊस. आमची पोरगी ह्यानंच आजारी पडली." पदरानं त्या साहेबांचा शर्ट पुसायला लागल्या.

साहेब बाहेर गेले, गटारीवरची फरशी उचलायला लावली आणि उकिडवे बसून आत बघत राहिले. आमच्या नळाची पाईप त्याच गटारीतून गेलेली. त्याच आठवड्यात माणसं आली. खणलं तर जोड सडलेला. नवीन पाईप गटारीच्या वरून घेतली. पाणी तपासायला नेलं, रिपोर्ट चांगला आला. मी त्याच दिवशी बार्शीची एसटी धरली.

लेक घरी आली. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. स्वच्छ, वास नाही की काही नाही. ती ग्लास घेऊन नळापाशी गेली, भरला, आणि तोंडाला न लावता माझ्याकडं बघत उभी राहिली.

"आई, हे पिऊ?"

पी की, एवढंच म्हणायचं होतं. तोंडच उघडेना. मी सासूबाईंकडं बघितलं, त्या ग्लासाकडंच बघत होत्या. मग तिनंच ते पाणी मोरीत ओतलं आणि जारकडं गेली.